पश्चिमेच्या पाच खिडक्या

मृणाल आणि निखिल, तुमच्या घराचा फोटो माझ्या टेबलावर आहे. त्यात दक्षिणेकडे भिंत जवळजवळ नाहीच, नुसती काच आहे. तुमच्या आईने फोटोमागे लिहिलं आहे की कॅनडातल्या हिवाळ्यात मिळेल तेवढं ऊन घरात हवंच असतं. मी नुकतीच अशा मुलखात जाऊन आले, जिथे ऊन घराबाहेर नेमकं कुठे अडवायचं हा रोजचा प्रश्न आहे. तुम्ही तिकडे कधी जाल असं वाटत नाही. म्हणून आठवतं तसं, दिवसांच्या क्रमाने लिहिते. गाडीत आणि स्टेशनांवर गेलेला वेळ गाळला आहे. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

पुण्यात, निघण्यापूर्वी

विमल रामटेके ही माझी जुनी विद्यार्थिनी. मी अध्यापक महाविद्यालयात शिकवत होते तेव्हा ती वडशाहून शिष्यवृत्ती घेऊन पुण्याला आली होती. वडील भातगिरणीत हमाली करत. ती शेवटच्या बाकावर बसे, प्रश्न मात्र सगळ्यांत आधी विचारी. आता ती राज्याच्या पूर्व टोकाला, मुलचेऱ्याच्या अलीकडच्या एका गावात मुलींच्या शाळेची आणि वसतिगृहाची मुख्याध्यापिका आहे. तिचं पत्र दर दिवाळीला येतं. या वेळी ते जानेवारीत आलं.

तिने लिहिलं होतं, "बाई, आमच्या अभ्यासाच्या हॉलला सात मोठ्या काचेच्या खिडक्या आहेत. दुपारी दोननंतर आत बसवत नाही. वह्यांवर ऊन पडतं, फळा चकाकतो, मुलींची डोकी दुखतात. समिती म्हणते, खिडक्या विटांनी बुजवू आणि ट्यूबलाइट लावू. पण इथे दुपारभर वीज नसते. यंदा आमच्या पहिल्या अकरा मुली दहावीला बसत आहेत आणि त्यांना अभ्यासाला दुसरी जागा नाही. त्या पास झाल्या नाहीत तर पुढच्या वर्षी दहावीचा वर्गच राहणार नाही. तुम्ही आम्हांला वर्गातल्या उजेडाचा धडा शिकवला होता. काही सुचवाल का?"

खरं सांगते, पत्र वाचून मला आधी आनंदच झाला. गेल्या कित्येक महिन्यांत मला कोणी काही विचारलं नव्हतं. दूधवाला "अर्धा लिटरच ना?" एवढं विचारतो, तेही उत्तर ठाऊक असताना.

मी कामाला लागले. भूगोलाच्या जुन्या पुस्तकातून त्या अक्षांशावर मार्चमध्ये दुपारी सूर्य किती उंच असतो ते काढलं. खिडकीवर लाकडी छज्जा किती पुढे यायला हवा याचं गणित केलं. मग आकृती काढली, आधी पेन्सिलीने, नंतर शाईने. एक प्रत विमलला, एक समितीला, एक सुताराला. दुसऱ्या प्रतीवर शाई सांडली म्हणून ती पुन्हा काढली. तेवढ्यात वाटलं की मापं इंचांत नकोत, सेंटिमीटरमध्ये असावीत. मग तिन्ही प्रती पुन्हा. घर इतकं शांत होतं की टाकाची कुरकुर ऐकू यायची. या सगळ्यात बारा दिवस गेले. विमलला पहिल्याच दिवशी कार्ड टाकलं होतं, "मी स्वतः येते आहे. तोवर थांबा."

चंद्रपूर

चंद्रपूर हे परकोटाचं, म्हणजे तटबंदीतलं, जुनं शहर. वेशींच्या दगडी कमानींखालून रिक्षा आणि बैलगाड्या एकमेकींना शिव्या देत जातात. दूर वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. लॉजच्या खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं तर कोळशाची काळी पूड लागली. जुन्या घरांच्या खिडक्या लहान आणि भिंती जाड. नव्या इमारतींच्या खिडक्या मोठ्या, आणि त्या सगळ्यांवर आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. मी वहीत टिपून ठेवलं. मोठी खिडकी करायची आणि मग ती कागदाने झाकायची, ही नवी रीत सगळीकडे दिसते. आपल्या पुण्याच्या घरातही मी पडदा आतूनच लावते.

खानावळीत पोऱ्याने, म्हणजे चांगल्या पन्नाशीच्या माणसाने, विचारलं, "एकट्याच हाये का बाई?"

"हो."

"मंग कोपऱ्यातला टेबल घ्या. तिथी पंखा हाये. चार मानसांच्या टेबलावर एकट्या बसलात तं बरं नाई दिसत."

भात, वरण आणि जवसाची चटणी. चटणी पुण्यापेक्षा चांगली होती आणि हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं. पंख्याखाली बसून ते वहीत लिहिलं.

बस

मूल गावाला बसमध्ये एकदम गर्दी चढली. कुठल्याशा गावात आदल्या रात्री नाटक होतं. हिवाळाभर इकडे नाटकमंडळ्या गावोगाव फिरतात आणि लोक पहाटेपर्यंत बसून बघतात. हे सगळे ते बघून परत निघाले होते आणि जागा मिळेल तिथे झोपत होते. माझ्या शेजारच्या बाईचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी तिला हलवलं नाही. कोणाचं डोकं माझ्या खांद्यावर येऊन किती वर्षं झाली ते मी मोजू लागले आणि मग मोजणं सोडून दिलं. चामोर्शीला ती दचकून उठली. "माय वं, तुमचा खांदा मोडला असन!" म्हणाली आणि पदराच्या गाठीतून काढलेली पाच बोरं माझ्या हातावर ठेवून उतरली.

वैनगंगेच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त होती. पुढे जंगल. पळस फुलला होता. पानं नसलेल्या झाडांवर केशरी रंग, आणि खाली वाळलेल्या पानांचा जाड थर. सावली अशी नव्हतीच.

उतरले आणि बस सुटली. लगेच पुन्हा थांबली. कंडक्टरने खिडकीतून हात बाहेर काढला. "बाई, तुमची पुंगी राह्यली!" माझ्या नकाशांची पुठ्ठ्याची नळी त्याने माझ्याकडे फेकली. मला ती झेलता आली नाही. धूळ झटकून मी ती उचलली.

पहिला दिवस

विमल फाटकात उभी होती. केसांत पांढरं आलं आहे, चष्मा लागला आहे, पण मला बघताच ती वर्गात उभी राहायची तशी ताठ झाली. वाकून नमस्कार केला. कचेरीत बुद्धाची तसबीर, घड्याळ, आणि खुर्चीवर माझ्यासाठी धुतलेली चादर.

"आधी हॉल दाखव," मी म्हटलं.

हॉल लांबट आहे. उत्तरेला फळा, पूर्वेची भिंत कोठीघराला लागून म्हणून पूर्ण बंद. खिडक्या सगळ्या डाव्या हाताला. बांधणाऱ्याने विचार केला होता. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या वहीवर हाताची सावली पडू नये म्हणून उजेड डावीकडून यायला हवा. मी खिशातलं होकायंत्र काढलं, एकदा पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

डावा हात म्हणजे पश्चिम.

माझा छज्जा दक्षिणेच्या खिडकीसाठी होता. दक्षिणेच्या खिडकीवर सूर्य डोक्यावर असताना ऊन येतं, तिथे छज्जा टोपीच्या कडेसारखा उपयोगी पडतो. पश्चिमेचं ऊन मावळतीकडे उतरत समोरून येतं, सरळ कडेखालून डोळ्यांत. विमलच्या पत्रात दिशा नव्हती, आणि मी विचारली नव्हती. बारा दिवस मी रेषा सरळ काढल्या, पण खिडकी कुठे बघते एवढं एक कार्ड टाकून विचारलं नाही.

मग मला दुसरी गोष्ट दिसली. खिडक्या सात नव्हत्या, पाच होत्या. फळ्याजवळच्या दोन ठिकाणी ताज्या विटांची भिंत होती.

"कधी?"

"गेल्या आठवड्यात," विमल म्हणाली. "मी तुमचं कार्ड दाखवलं. आठवडाभर थांबले सगळे. मग गवंडी रिकामा होता म्हणून..." तिने विटांवर हात टेकला. "पुतणीच्या लग्नाला गेलाय. शनिवारी येऊन बाकीच्या पाच बुजवणार."

तिने मला उशीर का झाला असं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

जेवायला मला कचेरीत एकटीला बसवलं. इकडे पाहुण्याने आधी आणि वेगळं जेवायचं, हा मान. तांदळाची भाकरी, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांगं. विमल उभी राहून वाढत होती. "तू बस ना माझ्याबरोबर." "नंतर बाई." पलीकडे साठ मुली एका पंगतीत जेवत होत्या आणि इतका गलका होता की मला माझा घास चावल्याचाही आवाज येत नव्हता. तरी मला त्या पंगतीत कुठेतरी शेवटी बसायला आवडलं असतं.

दुसरा दिवस

सकाळी समितीचे अध्यक्ष डोमाजीभाऊ आले. वय माझ्याएवढंच, डोक्यावर पांढरी टोपी, पायात जाड वहाणा. त्यांनी माझा नकाशा टेबलावर पसरला, चारही कोपऱ्यांवर हात फिरवला.

"कागद मोठा सुंदर हाये बाई. पन ऊन हे वाचते का?"

मी कबूल केलं की नकाशा चुकला आहे.

त्यांनी कागदावरचा हात काढून घेतला. मग आवाज खाली आला. "मी काही पोरींचा दुश्मन नाई. मागच्या चैतात दोघी इथीच बसल्या बसल्या पडल्या. एकीच्या नाकाचा घोळणा फुटला, वहीभर रक्त. मी उचलून नेलं तिले. तवाच ठरवलं का ह्या काचा बुजवायच्या."

"पण मग उजेड?"

"ट्यूबा लावू."

"भाऊ, तीनला पंप सुरू होतेत का लाइन जाते," विमल म्हणाली. ती त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलत होती. "मंग पोरी अंधारात काय वाचतीन?"

"अंधारात मरत तं नाई कोनी," डोमाजीभाऊ म्हणाले.

त्यावर उत्तर आलं ते दारातून. स्वयंपाकघरात सुपं विकायला आलेली गिरजाबाई तिथे उभी होती. ती बुरूड, म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपं आणि चटया विणणाऱ्यांपैकी. ती पुढे आली आणि तिने माझ्या छज्ज्याच्या चित्रावर बोट ठेवलं.

"हे टोपरं काऊन काढलं जी? सूर्य वरतं असते तवा कोनाले तरास नाई. तो खाली उतरून दारात येते, पाहुन्यावानी, तवा तरास."

"मग तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"पाहुन्याले करतो तेच. बाहीर बसवतो. आंगनात." तिने हाताने दाखवलं. "दारासमोर तट्टा टाकतो. माह्या घरी नाई का? चाल ना बाई, दाखवतो."

तट्टा म्हणजे बांबूच्या कांब्यांची विणलेली चटई. आम्ही तिच्या घरी गेलो. घराचं तोंड पश्चिमेला. छपराचे वासे भिंतीच्या पुढे हातभर आलेले, त्यांच्या टोकांना तट्टा टांगलेला, आणि खालची कड एका दुबेळक्याच्या, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेल्या, काठीने बाहेर ढकलून धरलेली. तट्टा असा तिरपा उभा होता की समोरचं ऊन अडत होतं, पण खालून वारा आणि जमिनीवरून परतलेला मऊ उजेड आत येत होता. तीन लांबीच्या तीन काठ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. सूर्य जसा उतरतो तशी आखूड काठी लावायची.

आत मला वाटलं होतं तसा अंधार नव्हता. गिरजाबाई त्याच उजेडात धारदार कोयत्याने बांबूची कांबी केसाएवढी पातळ सोलते आणि तिची बोटं शाबूत आहेत. मी पर्समधलं थर्मामीटर तट्ट्याच्या बाहेर धरलं, मग आत. पारा झरझर खाली आला.

मृणाल, तू विज्ञान शिकतेस म्हणून सांगते. आपण पडदा काचेच्या आत लावतो. ऊन काचेतून आत येऊन चुकलेलं असतं. पडदा तापतो आणि त्याची धग खोलीतच राहते. आपण फक्त उजेड घालवतो. गिरजाबाई ऊन काचेपर्यंत, म्हणजे दारापर्यंत, पोचूच देत नाही. तट्टा तापतो, पण बाहेर, आणि वारा त्याची धग घेऊन जातो. पस्तीस वर्षं मी हे शिकवत आले आणि माझ्या खिडकीला फुलाफुलांचा पडदा आहे.

डोमाजीभाऊंना आम्ही वाटेतच गाठलं. ते थांबले, ऐकलं, मान हलवली. "गवंडी शनिवारी येते. शनिवारी दुपारी मी हॉलात मागच्या बाकावर बसून पेपर वाचीन. वाचता आला आन घाम नाई आला, तं खिडक्या तुमच्या. नाई तं भिंत."

तिसरा आणि चौथा दिवस

गिरजाबाईकडे बांबू होता, पण तो बाजाराच्या सुपांसाठी राखलेला. डेपोतून दुसरा मिळायला महिना लागला असता. "सुपं पुढच्या महिन्यात," ती म्हणाली आणि मोळी वसतिगृहाच्या अंगणात आणून टाकली. मग मला विचारलं, "घट्ट इनू का सैल?" धान्याच्या कणगीला घट्ट, मासे पकडायच्या खुड्याला सैल, कोंबड्यांच्या झाकणाला त्याहून सैल. उजेडाची अशी मापं मला माहीत नव्हती. आम्ही ठरवलं की खालचा भाग घट्ट आणि वरचा हातभर सैल.

पहिला तट्टा झाला तेव्हा मी एक चूक केली. मला तो तिरपा लोंबकळताना गबाळा वाटला. खिडकीच्या चौकटीला चारी कोपऱ्यांत खिळे मारून मी तो नीट बसवून घेतला. अगदी सरळ रेषेत. दुपारी हॉलमध्ये त्या खिडकीपाशी काळोख होता आणि काच हाताला लावली तर भाजत होती.

गिरजाबाई हसून हसून खाली बसली. "बाई, तुमी तं खिडकीले झाकन लावलं! भात शिजवता का पोरी?"

खिळे मी स्वतः काढले. छपरातून दोन बांबू हातभर पुढे काढून तट्टा त्यांवर टांगला, काठीने बाहेर ढकलला. लगेच वही दिसू लागली. अजून एक त्रास होता. समोरचं अंगण झाडून पांढरं केलेलं, त्याची झळाळी खालून डोळ्यांत येत होती. गिरजाबाई म्हणाली, सडा टाका. ओली जमीन काळी पडते आणि थंडही होते. भर दुपारी दोनला सडा घालायचा म्हणून मुली खिदळत होत्या, सडा म्हणजे पहाटेचं काम. एक म्हणाली, "आमच्या हॉस्टेलची पहाट दोनले होते जी!"

पाच तट्टे एकटीला दोन दिवसांत होणार नव्हते. दहावीतली कमला आत्राम पुढे आली. जंगलातल्या गावची मुलगी, गोंडी बोलणारी, फार कमी बोलणारी. "आमच्या गावी सगळ्याइले येते," एवढंच म्हणाली आणि कांब्या घेऊन बसली. तिच्यामागून आणखी तिघी. मला वाटलं गिरजाबाई खूश होईल. तिने हातातला तट्टा जवळ ओढला. मग म्हणाली, "मधलं इना. काठ मात्र मी बांधीन. काठ सुटला तं नाव माहं जाते." त्यानंतर मुली मधलं विणत आणि तट्टा तिच्याकडे सरकवत. ती कड वळवून बांधे, दातांनी दोरी ओढे आणि मग एकदा हाताने थोपटे.

मी काय केलं? काठ्या मोजून कापून घेतल्या. प्रत्येक खिडकीला तीन, आणि त्यांवर खडूने दोन, साडेतीन, पाच असे आकडे घातले. बाकी वेळ मी खुर्चीवर बसून होते. सगळ्यांचे हात चालत होते आणि त्यांना एकमेकींशी बोलायला तोंडं मोकळी होती. माझ्याशी बोलायचं झालं की त्या उभ्या राहत. मग मी बोलणं कमी केलं.

संध्याकाळी विमल मला बंगाली वस्तीकडे फिरायला घेऊन गेली. फाळणीनंतर सीमेपलीकडच्या बंगालातून आलेल्या कुटुंबांना सरकारने इथे जमिनी दिल्या. एका घरी आम्ही दोघींनी मोहरीतला मासा आणि भात खाल्ला. त्या घरच्या म्हातारीला मराठी फारसं येत नव्हतं आणि मला बंगाली मुळीच नाही. ती मासा वाढत राहिली आणि मी खात राहिले. या प्रवासातलं ते एकच जेवण मी कोणाबरोबर तरी जेवले.

परत येताना विमलला विचारलं, "तुला इथे एकटं वाटत नाही?"

"साठ मुली आहेत बाई."

थोडं पुढे गेल्यावर तीच म्हणाली, "सुट्टीत वाटतं. त्या घरी गेल्या की मी हॉलमध्ये जाऊन बसते. तो बुजला तर कुठे बसणार?"

शनिवार

गवंडी सकाळीच आला. विटा उतरवल्या, चुन्याचं घमेलं कालवलं आणि दुपारपर्यंत थांबा असं ऐकून तिसऱ्या खिडकीबाहेर तट्ट्याच्या सावलीत टेकला. पाचव्या तट्ट्याचा काठ अडीचला बांधून झाला. सडा पडला. मुली बसल्या. विमल फळ्यावर भूमितीची प्रमेयं लिहीत होती आणि अक्षर नेहमीपेक्षा मोठं काढत होती.

पावणेतीनला डोमाजीभाऊ आले, मागच्या बाकावर खिडकीशेजारी बसले, टोपी काढून बाजूला ठेवली आणि नागपूरचा पेपर उघडला. मी भिंतीशी स्टुलावर होते. विमल आणि मी, दोघी बघत होतो ते त्यांच्या कपाळाकडे.

तीनला पंखे थांबले. पंप सुरू झाले होते, लाइन गेली. विमलचा खडू क्षणभर अडला. डोमाजीभाऊंनी पान उलटलं. पंखा बंद झाल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. खालून येणाऱ्या वाऱ्याने पेपरचा कोपरा हलत होता आणि तो त्यांनी अंगठ्याने धरून ठेवला होता.

फळ्याजवळ, बुजवलेल्या दोन खिडक्यांपाशी, बसलेल्या मुली मात्र वह्या उचलून तोंडाजवळ धरत होत्या. तिथे अंधार होता आणि तो माझ्यामुळे होता.

साडेतीनच्या सुमाराला शेवटच्या तट्ट्याखालून ऊन शिरलं. आधी दोरीएवढं, मग पट्टीएवढं. डोमाजीभाऊंच्या बाकावर आलं, मग पेपरवर. त्यांनी डोळे बारीक केले. पेपर डावीकडे नेला, उजवीकडे नेला. विमल माझ्याकडे बघू लागली. मी उठायला गेले, पण स्टुलावरून उठायला माझ्या गुडघ्यांना वेळ लागतो.

माझ्याआधी कमला उठली. कोणाला विचारलं नाही. बाहेर गेली, लांब काठी काढून मधली लावली. तट्टा खाली झुकला आणि उन्हाची पट्टी पेपरवरून सरकून बाकाखाली गेली. कमला परत येऊन बसली आणि जिथे सोडला होता तिथूनच त्रिकोण काढू लागली.

डोमाजीभाऊंनी पेपर मिटला.

"हे रोज कोन करन? बाई तं चालल्या पुन्याले."

विमल काही बोलणार तोच कमला उभी राहिली. चार दिवसांत तिचं हे दुसरं वाक्य मी ऐकलं. "ज्याच्या वहीवर ऊन येईन, तो उठन."

"आन पेपरवर आलं तं?"

सगळा हॉल हसला. कमलाही. डोमाजीभाऊंनी टोपी घातली, कपाळावरून हात फिरवून कोरडा तळवा पाहिला. खिडकीतून वाकून बाहेर बघितलं. गवंडी तट्ट्याच्या सावलीत गाढ झोपला होता.

"उठव त्याले," ते एका मुलीला म्हणाले. "म्हनाव इटा गाडीत परत भर."

"आन त्या दोन, भाऊ?" विमलने फळ्याजवळच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"त्या राहू दे सध्या. येवढ्या घाईनं मानूस चूक कबूल करत नाई." दाराशी थांबून ते माझ्याकडे वळले. "तुमचा तो कागद मले द्याल का बाई? घरी लावतो. चित्र चांगलं हाये."

मी तिन्ही प्रती दिल्या.

निघताना

सोमवारी नऊच्या बसने निघाले. विमलचा तेव्हा तास होता. ती येते म्हणाली, मीच नको म्हटलं. परीक्षेला वीस दिवस राहिले होते. फळ्याजवळच्या दोन बाकांवरच्या मुलींना तिने मागे सरकवून दाटीने बसवलं होतं. कचेरीत तिने वाकून नमस्कार केला आणि भाकरीचा डबा हातात दिला.

बसचा थांबा हॉलच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे आहे. सकाळी पश्चिमेला ऊन नसतं, म्हणून पाचही तट्टे काठ्यांनी पूर्ण वर उचलून धरले होते आणि खिडक्या सताड उघड्या होत्या. रस्त्यावरून हॉल आतपर्यंत दिसत होता. मी अकरा डोकी मोजली. विमल फळ्याकडे तोंड करून लिहीत होती. कमला पाचव्या खिडकीत होती, माझ्या अगदी समोर.

बस येईपर्यंत एकीने तरी वर बघावं असं मला वाटत होतं. मी हातही वर केला. पण त्या वाचत होत्या. अकराच्या अकरा वहीवर वाकलेल्या होत्या, आणि बाहेर बघावं असं त्यांच्या डोळ्यांना काही टोचत नव्हतं. हेच तर आम्हांला हवं होतं.

हॉलच्या छपरावरून आलेला सूर्य माझ्या डोळ्यांवर येत होता. हलवण्यासाठी वर केलेला हात मी तसाच भुवयांवर आडवा धरला आणि बस येईपर्यंत त्यांच्याकडे बघत उभी राहिले.